उन्हाळ्याचा नेम

“मंग? उघडलं का त्या बापानं दार?”

देवीदासभाऊंनी विचारलं आणि सिंधुताईंच्या हातातला पन्ह्याचा गडवा हातातच राहिला.

देवीदासभाऊ शेजारच्या क्वार्टरमधले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात मिस्त्री. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि माणूस खाटेवर उताणा. हलायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. त्यांना वाचनाचं भारी वेड. दोन भागांच्या एका कादंबरीचा पहिला भाग त्यांनी ऑपरेशनच्या आधी, अधू डोळ्याला भिंग लावून संपवला होता. शेवटच्या पानावर बाप पोरीच्या तोंडावर दार लावून घेतो. पुढचं सगळं दुसऱ्या भागात, आणि दुसरा भाग सिंधुताईंकडे.

सिंधुताईंनी त्याचं एक पान उलटलं असेल तर शपथ!

दोष त्या चैत्रातल्या हळदीकुंकवाचा. चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, तसा उन्हाळाभर वाचनाचा नेम धरायचा, असं कॉलनीतल्या महिला मंडळाच्या बायकांनी ठरवलं. जिचा नेम तिनं बोलायचा. साहेबांच्या विजयाबाई म्हणाल्या, “पंधरवड्याला एक पुस्तक.” झालं! सिंधुताईंना कुठलं राहवतंय? त्या पडल्या क्लार्कच्या बायको. तोंडात आंब्याची डाळ असतानाच बोलून बसल्या, “माझं आठवड्याला एक.”

मग काय, लायब्ररीतून पुस्तकं यायची, फळीवर बसायची आणि जायची. सकाळी कुरड्या-पापड, दुपारी खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की डोळा लागलाच. कुणी विचारलं की एकच उत्तर, “वाचलं की!” ही कादंबरीही त्यांनी अशीच सगळीकडे वाचून टाकली होती. आता देवीदासभाऊंपुढे ‘नाही’ कुठल्या तोंडानं म्हणायचं? उशाशी त्यांची बायको गयाबाई पंखा हलवत बसलेली.

“हो तर. उघडलं,” त्या बोलून गेल्या.

“खरंच? कसं काय?”

“बाप आजारी पडतो हो. एक दिवस बायकोला म्हणतो, जा, बोलाव पोरीला. पोरगी येते. मग तो म्हणतो, जेवून जा.”

“आन् लोकं? लोकं नाई हसत त्याले?”

“हसतात की. चार दिवस हसतात, मग दमतात.”

 गयाबाईंचा पंखा थांबला. आणि तेव्हा कुठे सिंधुताईंच्या डोक्यात उजेड पडला. मथुरा! यांची एकुलती एक लेक. क्रेन चालवणाऱ्या तेलुगू मुलाशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, त्या दिवसापासून या घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. राहायची इथेच, पलीकडच्या भिलाई-तीन वस्तीत. आणि सिंधुताई आपल्या फुशारकीपायी त्याच जखमेवर गोष्ट रचून बसल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. भाजी करपली, नवऱ्याला, शामसुंदररावांना, संध्याकाळी सकाळच्याच पोळ्या खाव्या लागल्या, पण बाईंनी मान वर केली नाही. पुस्तकातला बाप दार उघडतच नव्हता. पोरगी दोनदा येऊन उंबऱ्यावरून परत गेली. तिसऱ्यांदा आली ती तिच्या मरणाची खबर. सिंधुताईंनी पुस्तक मिटलं. भाऊंनी आपल्या शब्दावर मथुरेला बोलावलं आणि ती आलीच नाही तर? आल्या पावली भांडून गेली तर? आंधळ्यासारख्या पडलेल्या माणसाला आपण फसवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सकाळी जाऊन सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, हे त्यांनी ठरवलं.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला तशा पुस्तक पदराखाली घेऊन त्या निघाल्या. दार सताड उघडं होतं. खाटेच्या काठावर मथुरा बसली होती. तिचं तान्हं भाऊंच्या छातीवर, आणि भाऊ बोटांनी त्याचं नाक, कान, हनुवटी चाचपत होते.

“बाबा, रडून नोका राहू. डॉक्टर काय म्हणला?” मथुरा दटावत होती, आणि तिचेच डोळे गळत होते.

पावलं ओळखून भाऊ म्हणाले, “सिंधुताई? या. तुमी सांगतलं तसंच केलं म्या. काल हिच्या मायले धाडलं. पोरगी आली, ताई. जेवली बी. आता हसू द्या लोकाइले.”

सिंधुताईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

मथुरा उठली, तिनं त्यांचा हात घट्ट धरला. “ताई, ते पुस्तक मले द्या. बाबाले मी वाचून दाखवतो. त्या बापानं दार उघडलं ते एकदा माह्या तोंडानं ऐकू द्या त्याइले.”

पदराखाली पुस्तक बरगडीला रुतत होतं. सिंधुताईंनी कोपर आणखी आवळून धरलं.

“अगं बाई, ते... ते हरवलं गं माझ्याकडून.”

ज्येष्ठ सरता सरता मंडळात सगळ्यांचे नेम विचारले गेले. विजयाबाईंनी आपली पुस्तकं मोजून दाखवली आणि हसत वळल्या, “सिंधुताई, तुमची तर ढीगभर झाली असतील!”

“नाही हो,” सिंधुताई खाली मान घालून म्हणाल्या, “उन्हाळाभरात मी एकच पुस्तक वाचलं, आणि तेवढंच हरवलं.”