लाल वर्तुळ

ड्रोन उडवायला धाकट्या बहिणीला त्यानंच शिकवलं होतं. आता गिऱ्हाइकं तिचंच नाव काढत आणि याच्या पोटात दुखे. त्याच्याकडे उरलं होतं ते उड्डाणाआधी हवामान आणि हवाई हद्द तपासणं.

"दादा, सगळं ठीक ना?" गच्चीवर तिनं विचारलं.

मोबाइलच्या नकाशावर सकाळीच बंदीचं लाल वर्तुळ उमटलं होतं, नेमकं या गच्चीभोवती. होऊ दे एकदा हिचीही फजिती! त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"वारा नाही, हद्द मोकळी. उडव बिनधास्त."

तिनं रिमोट त्याच्याच हातात ठेवला. "आज तू उडव. गिऱ्हाइकाला सांगितलंय, माझा गुरू येतोय म्हणून."

"थांब जरा," तो घाईघाईनं म्हणाला, "वारा सुटलाय."

दोरीवरचा सदरा जागचा हलत नव्हता.