अनोळखी ठिपका

कमी-जास्त आम्लतेच्या पट्टीत वीज सोडली की प्रत्येक प्रथिन सरकत सरकत आपल्या जागी जाऊन थांबतं, मग जेलच्या थरात ती लहान-मोठी वेगळी होतात. प्रयोगशाळेत तिच्या प्रत्येक जेलवर मात्र एक अनोळखी ठिपका उमटायचा. काहीतरी नवं हाती लागलं, या आशेने तिने तो तपासणीच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडे पाठवला.

"अगं बाई, हे तर मेंढीच्या लोकरीतलं प्रथिन! तुझ्याच कपड्यांचे तंतू पडतायत नमुन्यात." मैत्रीण फोनवर हसली. मग हळूच म्हणाली, "कोटाखाली अजून त्याचाच स्वेटर घालतेस ना? माणूस जाऊन वर्ष झालं गं. आता ठेव घडी घालून."

तिने ऐकलं. पुढचं जेल लख्ख आलं. सर खूश झाले.



दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून तिने आणखी एक जेल लावलं, फक्त स्वतःसाठी.