चौथ्या ओळीतला आकडा

चौथ्या ओळीतला आकडा प्राध्यापकबाईंनी मुद्दाम चुकवला आणि फाइल कंपनीला पाठवून दिली.

फाइल विषारी वायू ओळखणाऱ्या सेन्सरची होती. सेन्सरमधून किती व्होल्ट आले म्हणजे हवेत किती वायू आहे, याचा तो तक्ता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाईंची सहा वर्षं त्यात गेली होती. आता कंपनीशी संशोधनाचा करार झाला होता आणि कंपनीचा इंजिनियर दर मंगळवारी येऊन बसत होता. माणूस गोड बोलायचा. फोटो काढायचा, वहीत टिपून घ्यायचा, चहा झाला की कप स्वतः विसळून ठेवायचा. बाईंना ते कप विसळणंसुद्धा खुपायचं. इतकं चांगलं कोण वागतं, आणि कशाला? शेजारच्या विभागातल्या सरांचं सर्किट अशाच एका गोड माणसाने हातोहात लांबवलं होतं. सर अजून त्या माणसाच्या कंपनीच्या जाहिराती बघत बसतात.

म्हणून हा सापळा. चौथ्या ओळीप्रमाणे वायू असेल त्याच्या निम्माच दिसणार होता. प्रामाणिक माणूस तक्ता तपासेल, पाच मिनिटांत चूक धरेल आणि फोन करेल. चोर तो गुपचूप स्वतःच्या यंत्रात घालेल.

तीन मंगळवार गेले. इंजिनियर आला, हसला, चुकीबद्दल त्याने ब्रही काढला नाही. चौथ्या मंगळवारी तो फिरकलाच नाही. कारखान्यात नवीन यंत्र बसवतोय, असं त्याच्या ऑफिसातून कळलं. बाईंनी पर्स उचलली आणि तडक कारखाना गाठला.

तो जमिनीखालच्या एका टाकीशी उभा होता. टाकीच्या तोंडावर कोरं करकरीत यंत्र, त्याचा हिरवा दिवा लागलेला.

"यातला तक्ता दाखवा," बाई म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप जोडला. चौथ्या ओळीत बाईंचाच आकडा होता.

"सापडलात," बाई म्हणाल्या. आवाजातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही. "हा आकडा मी मुद्दाम चुकीचा दिला होता. आता सांगा, कुणाला विचारून बसवलंत हे?"

"तुमच्या प्राचार्यांना. यंत्र कॉलेजच्याच नावाचं आहे, मॅडम. पहिली चाचणी आहे. नीट चाललं की तुम्हाला बोलावणारच होतो." बोलता बोलता तो थांबला. "चुकीचा म्हणजे?"

उत्तराची वाटही न बघता तो टाकीच्या तोंडाशी धावला. आत दोन माणसं साफसफाईला उतरली होती, त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर.

एकजण खोकत खोकत स्वतः वर आला. दुसऱ्याला दोराने ओढून काढावं लागलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"पण तुम्ही तपासलं का नाहीत?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

इंजिनियर यंत्राची वायर काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"बाकी सगळ्यांचे आकडे तपासूनच घेतो," तो म्हणाला. "तुम्ही एकेक आकडा तीन-तीनदा मोजता, ते दर मंगळवारी बघत होतो ना. म्हणून फक्त तुमचेच तपासले नाहीत."