वारेचा दगड

घोडी पहाटे व्याली, पण उन्हं वर आली तरी शिंगरामागून पडायची वार पडली नव्हती. सासऱ्यांनी लोंबत्या वारेला आपला गुळगुळीत दगड बांधला. लोणी भापकरातल्या शेकडो गाईंची वार त्यानंच पाडली होती. “आबा, ही गाय न्हाय. दगडाच्या ओढीनं वार तुटून तुकडा आत ऱ्हाईल. आन् तीन तासांत वार पडली न्हाय, तर घोडी दगावू शकती,” म्हणत मी दगड सोडला. माझ्या जनावरांच्या दवाखान्यातून आणलेलं, गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन टोचलं आणि शिंगरू सडाला लावलं, कारण ते चोखू लागलं की तेच औषध घोडीच्या अंगातही तयार होतं. घोडीला घाम फुटला, ती पायानं माती उकरू लागली. “सूनबाई, मारशील तिला!” “कळा हायत, आबा.” थोड्या वेळात वार पडली. पोत्यावर पसरून पाहिली, अख्खी होती. आबांनी दगड धुऊन माझ्या हातात दिला. “तुझ्या दवाखान्याच्या दाराला टेकू लाव, दार मिटाया नको. आता समदी तुझ्याकडंच येणार.”