पितळी गुंड

अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “हाडं ठिसूळ झालीत, आजी. गारठ्यानं आणखी दुखतील. गरम पाण्यानंच न्हात जा.” तरी कार्तिकात रोज पहाटे वच्छला रांजणातलं पाणी पितळी गुंडानं अंगावर ओतायचीच. सुनेची दोन लेकरं पोटातच गेली होती. आता तिसरं जगावं म्हणून सासूनं हे व्रत धरलं होतं. “नका ना जी, आत्याबाई,” सून विनवायची. “माहे हाडं जाऊ दे, तुह्यं लेकरू येऊ दे.” आज सूनच आधी उठली आणि भरला गुंड पोटाशी धरून उभी राहिली. “मंग मीबी थंड्या पान्यानंच न्हातो. पाहू देव कोनाचं आयकते!” वच्छलानं झेप घेऊन गुंड हिसकला. वाळली पऱ्हाटी मोडावी तसं तिचं मनगट वाजलं. दुसऱ्या हातानं तिनं सुनेचं भिजलं पोट चाचपलं. “तुले गारठा तं नाही लागला, माय?”