पुढच्या सीटवरची बॅग

विजयसिंहानं वायर भिंतीतल्या प्लगात खोचली, झाकण उघडलं आणि बटण दाबलं. लॅपटॉप बारीक घरघरला, पडदा निळा झाला. गेणबा आणि भागूबाई, दोघं नवराबायको, भिंतीला टेकून बघत होते. मग पडद्यावर इंग्रजीत त्यांच्या मुलाचं, रविराजचं नाव उमटलं. भागूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नुसता उजेड पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"चालतोय," विजयसिंह म्हणाला. पुण्याच्या कंपनीत तो रविराजच्या शेजारी बसायचा. दिवसकार्य उरकल्यावर कंपनीची वस्तू न्यायला कळंबला आला होता. "साधा ओरखडासुद्धा नाही. गाडीचा तर पार चुराडा झाला होता म्हणे."

"म्या बांधला व्हता," गेणबा म्हणाला.

म्हाताऱ्याचा आवाज जरासा ताठ झाला. पोरगं गेल्यापासून ताठ व्हावं असं त्याच्याजवळ एवढंच उरलं होतं. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं हिंडण्यात गेलेली. घोडीवर बिऱ्हाड लादायचं, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं दोरात आवळायचं, हे त्याचं काम. त्यानं मारलेली गाठ कधी घाटात सुटली नाही. मेंढरं विकून शेती धरली, तरी मोकळं सामान दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे.

"त्या दिशी पहाटं निघाला. ब्याग आपली नुसती पुढच्या शिटावर टाकलेली. म्हनलं, लोकाची वस्तू, तुझ्या गाडीपरीस महाग म्हन्तुस, आन् अशी मोकळी? तितंच शिटाला पट्टा व्हता. घेतला वढून, दिला आवळून. कट्कन बसला. त्यो हसला. म्हनला, आबा, आता ही जागची हालत न्हाय."

हालली नाहीच. बारामतीच्या अलीकडं अंधारात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, मागं ना दिवा ना लाल फडकं. गाडी तिच्याखाली घुसली. रविराज काच फोडून बाहेर फेकला गेला आणि बॅग होती तिथं बसून राहिली.

विजयसिंह वायर गुंडाळू लागला. भागूबाई चहा टाकायला आत गेली, तसा गेणबा त्याच्याजवळ सरकला.

"येक इचारू का, साहेब? पंचनाम्याला आलेला हवालदार म्हनला, पट्टा लावला असता तर वाचला असता. म्या म्हनलं, लावला व्हता की, म्या सोता लावला. तर त्यो माझ्या तोंडाकडंच बघाय लागला. फुडं बोललाच न्हाय." गेणबानं आतल्या दाराकडं पाहिलं. "तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाय. त्यो पट्टा सामानासाठीच आसतो न्हवं?"

प्रश्न विचारला खरा, पण म्हाताऱ्याला उत्तर कुठलं हवंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. विजयसिंहानं गुंडाळलेली वायर सोडली, पुन्हा गुंडाळली.

"हो आबा," तो म्हणाला. "सामानासाठीच असतो."

गेणबाच्या छातीवरची धोंड उतरली. त्यानं लांब सुस्कारा सोडला, टोपी काढून टक्कल पुसलं, टोपी परत घातली. चहा आला. आज त्यानं कप पुरता रिकामा केला. भागूबाईनं ते पाहिलं आणि आणखी अर्धा कप ओतला.

दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून विजयसिंह नुसता उठला. कंपनीची गाडी बाभळीखाली उभी होती. बॅग मागं ठेवावी म्हणून तो दार उघडायला गेला, तर गेणबानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"फुडं ठिवू. म्या बांधतो."

नको म्हणायचं तर काय सांगून म्हणायचं? विजयसिंहानं पुढचं दार उघडून दिलं. गेणबानं बॅग सीटवर टेकवून बसवली, पट्टा ओढला, तिच्या पोटावरून घेतला आणि खाचेत दाबला. कट्कन बसला. त्यानं हिसका देऊन पाहिलं. मग दार उघडंच धरून तो वाकून उभा राहिला. पोराच्या हातातली शेवटची वस्तू घरातून चालली होती, पण नीट बांधून चालली होती. त्याला तेवढंच बरं वाटत होतं.

पलीकडून विजयसिंह गाडीत बसला. अपघातानंतर कंपनीनं सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती आणि हाताला ती सवय लागून गेली होती. मन म्हाताऱ्यापाशी घुटमळत होतं. हात मात्र आपसूक खांद्यामागं गेला. तसलाच काळा पट्टा, तेवढाच रुंद, त्याच्या छातीवरून खाली आला आणि कट्कन बसला.

गेणबानं मान वर केली. त्यानं विजयसिंहाच्या छातीकडं पाहिलं, मग बॅगेकडं, मग पुन्हा छातीकडं.

विजयसिंहाचा हात चाचपडत खटक्यावर गेला, पट्टा सोडवू लागला.

"ऱ्हाऊ द्या," गेणबा म्हणाला. घरात भागूबाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला. "सोडू नगा, साहेब."