बांधातली फट

बांध आजही लिंपलेला होता.

रीताने काल दुपारीच फावड्याने त्यात वीतभर फट पाडली होती, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. लव्हेंडर एकवेळ ऊन सोसेल, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला मुळीच सोसत नाही. पंधरा दिवसांपासून हा खेळ चालू होता. तिने फट पाडायची आणि सकाळी तिथे कोणीतरी चिखल थापलेला असायचा. चाळीस रोपांपैकी एकोणचाळीस काळी पडून मेली होती. उरलेल्या एकानेही मान टाकली होती, आणि पोळा परवावर आला होता.

धानाच्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातला, हा कोपरा सासऱ्यांनी, मुखरूभाऊंनी, तिला अटीवर दिला होता. पोळ्यापर्यंत एक जरी झाड जगलं तर कोपरा तिचा, नाहीतर तिथे पुन्हा धान. आज ती त्यांच्याशी भांडली तेव्हा ते म्हणाले, "कोनी मुद्दाम बुजवत असन त नाव सांग. अजून एक साल देतो."

नाव तिला ठाऊक होतं, पुरावा तेवढा नव्हता. "वास घेऊन पोट भरते का?" असं थेट नागभीडच्या ठेसनापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारणारी बाई घरात एकच होती. सासू, गुणाबाई. महिनाभर दोघींचं बोलणं बंद होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रीता मोहाच्या झाडाआड जाऊन बसली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन गुणाबाई आली. तिने ओंजळीने चिखल उचलला, फटीत भरला आणि टाचेने दाबला.

"आई!" रागाने रीताचा आवाज फाटला. "काऊन बुजवून राह्यल्या?"

गुणाबाई दचकली, मग हसली. "खेकडं हो बाई! रोज तुयी बांधी फोडतेत. सारं पानी वाहून जाते. तुयी झाडं तहानेनं मरतीन म्हनून येते मी. तुले सांगतलं नाई. म्हनशीन, सासू उपकार दाखवते."

जन्मभर धान लावलेली बाई. बांधीतून पाणी निघालं की तिचा जीव कासावीस व्हायचा. रीताला स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात मुखरूभाऊ आले. शेवटचं रोप त्यांनी दोन बोटांनी ओढून पाहिलं. ते अलगद हातात आलं.

"सापडलं का कोनी?" त्यांनी विचारलं.

एका नावाने एक वर्ष मिळणार होतं. गुणाबाई पाटाच्या पाण्यात हात धूत होती.

"कोनी नाई, बाबा," रीता म्हणाली. "मलेच जमलं नाई."

"मंग धानच," म्हणत ते निघून गेले.

गुणाबाईचे डोळे भरून आले. तिने ओल्या हातांनी रीताचा हात धरला.

"तुयी नाई बाई, चूक मायी हाये. मंगळवारी ताप होता मले, तवा एक दिस बुजवाले आली नाई."